रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे, पण कोणासाठी? हार्ट अटॅकनंतरच्या रक्तचाचण्या समजून घ्या



माझे काका भिवंडीत एका पॉवरलूम कारखान्यात मुकादम आहेत. हार्ट अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. तीन महिन्यांनी रक्त तपासलं आणि रिपोर्टची पीडीएफ माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर आली. घरातला इंजिनीअर मी, त्यामुळे रिपोर्ट वाचायचं कामही माझ्याकडेच. मी स्क्रोल केलं. एकही आकडा ठळक अक्षरात नव्हता, कुठे लाल खूण नव्हती. एलडीएल कोलेस्टेरॉल ९८, बाजूला छापलेलं ‘१०० पेक्षा कमी’. फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘सगळं नॉर्मल आहे 👍’.

काकांनी तो मेसेज वाचला आणि कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हटल्यावर गोळी कशाला, हा त्यांचा साधा हिशोब. पुढच्या तपासणीत एलडीएल १४१ निघालं. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट काढून दाखवला आणि म्हणाले, “अहो, ९८ सुद्धा तुमच्यासाठी जास्तच होतं.”

चूक माझी होती. मी आकडा वाचला, पण तो कोणाचा आहे हे पाहिलं नाही. घरोघरी रिपोर्ट आता आपल्याच फोनवर येतात, म्हणून हा लेख. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या रक्तातून पुढच्या धोक्याचा अंदाज कसा काढतात, तो किती खरा मानायचा आणि रिपोर्ट वाचताना काय चुकतं, ते पाहू या.

बायोमार्कर म्हणजे काय?

शरीरात काय चाललंय हे सांगणारी, मोजता येणारी कोणतीही गोष्ट म्हणजे बायोमार्कर. ब्लड प्रेशर हाही बायोमार्करच. इथे आपण रक्तात सापडणाऱ्या पदार्थांबद्दल बोलतोय. सर्व्हर नीट चाललाय की नाही हे बघायला आम्ही लॉग बघतो, तसे हे शरीराचे लॉग समजा. एका ओळीवरून फारसं कळत नाही. वेगवेगळे लॉग एकत्र आणि वेळेच्या क्रमाने पाहिले की चित्र दिसतं.

स्टेंट बसला, मग धोका कसला?

बऱ्याच जणांना वाटतं की ब्लॉकेज काढलं, काम संपलं. स्टेंट फक्त एक अरुंद झालेली जागा उघडी ठेवतो. ज्या कारणांमुळे ती जागा अरुंद झाली, ती कारणं (कोलेस्टेरॉल, साखर, तंबाखू, ब्लड प्रेशर, रक्तवाहिनीतली सूज) तशीच असतात आणि बाकीच्या सगळ्या रक्तवाहिन्यांवर काम करत राहतात. त्यामुळे एकदा अटॅक येऊन गेलेला माणूस आयुष्यभर जास्त जोखमीच्या गटात राहतो.

आपल्याकडे हा प्रश्न लवकरच्या वयात येतो. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासातली दक्षिण आशियाची माहिती २००७ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक होते नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. भारत आणि शेजारच्या देशांत पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ निघालं, बाकीच्या देशांत ते सुमारे ५९ होतं. म्हणजे आपल्याकडचा रुग्ण बहुतेकदा कमावता असतो आणि दुसरा अटॅक टाळायला त्याच्यापुढे बरीच वर्षं असतात.

कोणता आकडा काय सांगतो?

ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. अटॅकमध्ये काही तासांतच वाढतं आणि बरेच दिवस वाढलेलं राहू शकतं. आताच्या ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ चाचण्या इतकं बारीक मोजतात की तब्येत स्थिर असलेल्या रुग्णातही थोडं ट्रोपोनिन दिसतं. २००९ मध्ये ३,६७९ स्थिर हृदयरुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ट्रोपोनिन जितकं जास्त, तितका पुढे हृदयविकाराने मृत्यू आणि हार्ट फेल्युअर यांचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. पण पुढच्या हार्ट अटॅकशी मात्र त्याचा स्वतंत्र संबंध दिसला नाही. हे लक्षात ठेवा, कारण ‘हृदयाचा धोका’ ही एकच गोष्ट नाही. कोणता मार्कर कशाचा अंदाज देतो, हे प्रत्येक वेळी विचारायला हवं.

बीएनपी आणि एनटी-प्रो-बीएनपी. हृदयाच्या भिंतींवर ताण आला की हे रक्तात येतात. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना बीएनपी पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावातला ‘बी’ हा ब्रेनचा. नंतर कळलं की ते मुख्यतः हृदयातूनच येतं. हार्ट फेल्युअर ओळखायला ही चाचणी वापरतात. वय वाढलं किंवा किडनी कमजोर झाली की हा आकडा वाढतो, लठ्ठ माणसांत तो कमी दिसतो.

एलडीएल कोलेस्टेरॉल. रक्तवाहिनीच्या भिंतीत साचणाऱ्या चरबीचा मुख्य कच्चा माल. हा मार्कर पण आहे आणि कारण पण. म्हणजे तो कमी केला की धोका खरंच कमी होतो. स्टॅटिनच्या अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या मोठ्या विश्लेषणात एलडीएल दर ३९ मिलिग्रॅमने उतरल्यावर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना सुमारे एक-पंचमांशाने कमी झालेल्या दिसल्या.

एचएस-सीआरपी. सूज आली की लिव्हर हे प्रोटीन तयार करतं. १ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, अशी ढोबळ वाटणी आहे. सुजेचा हृदयाशी खरंच संबंध आहे का, हे २०१७ च्या कँटॉस चाचणीत तपासलं गेलं. अटॅक येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १०,०६१ रुग्णांना सूज कमी करणारं इंजेक्शन किंवा नकली इंजेक्शन दिलं. औषधाच्या मधल्या डोसने पुढच्या घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या, तेही कोलेस्टेरॉल कमी न होता. पण त्या औषधाने जीवघेणे संसर्ग वाढले, त्यामुळे ते हृदयासाठी वापरात आलं नाही. सूज हा धोक्याचा खरा भाग आहे, हे मात्र सिद्ध झालं.

एलपी(ए). एलडीएलचाच एक चिकट भाऊ म्हणा. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो शोधला. हा आकडा मुख्यतः जन्मजात ठरतो. चालून, डाएट करून किंवा स्टॅटिन घेऊन तो खाली येत नाही. म्हणून साधारणपणे आयुष्यात एकदा तपासला तरी पुरतो. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एलडीएल आणखी कडक ताब्यात ठेवायचं. आणि हो, तो आनुवंशिक आहे. घरात कोणाचा जास्त निघाला तर डॉक्टरांना विचारून तुम्हीही एकदा तपासून घ्या. हा लेख फक्त काकांसाठी नाही.

एचबीए१सी आणि क्रिएटिनिन. पहिला मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतो, दुसरा किडनीचं काम. दोन्ही जुन्या, स्वस्त चाचण्या, पण पुढच्या धोक्याच्या हिशोबात दोन्हींना वजन आहे.

‘नॉर्मल’ ठरवतं कोण?

रिपोर्टवर आकड्याच्या बाजूला रेफरन्स रेंज छापलेली असते. बऱ्याच चाचण्यांत ती अशी ठरते: निरोगी लोकांचं रक्त तपासायचं आणि मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा ‘नॉर्मल’ म्हणायचा. म्हणजे पूर्ण निरोगी १०० जणांतही साधारण ५ जण पट्ट्याबाहेर जाणारच. लाल खूण म्हणजे आजार, असं नाही.

पुढचा प्रश्न, निरोगी लोक कुठले? मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमध्ये डॉ. टेस्टर आशावैद आणि सहकाऱ्यांनी निरोगी भारतीयांमध्ये कोलेस्टेरॉल, अपोलिपोप्रोटीन आणि एलपी(ए) यांच्या रेंज काढल्या. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी पुस्तकातली रेंज इथे तशीच चिकटवायची नाही, ती आपल्या लोकांवर तपासायची, ही त्यामागची गरज.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. तिथे छापलेला ‘१०० पेक्षा कमी’ हा आकडा सर्वसाधारण लोकांसाठीचा सल्ला असतो. अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं लक्ष्य वेगळं असतं. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत अति जास्त जोखमीच्या रुग्णांसाठी एलडीएल ५५ पेक्षा कमी ठेवायला सांगितलंय. आता काकांचा ९८ पुन्हा बघा. छापील रेंजमध्ये अगदी व्यवस्थित, पण त्यांच्या लक्ष्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. लॅबने चूक केली नव्हती. लॅबच्या सॉफ्टवेअरला रुग्णाचं वय आणि लिंग माहीत होतं, त्याच्या छातीत स्टेंट आहे हे माहीत नव्हतं.

अल्गोरिदम अंदाज कसा काढतो?

एकेका आकड्यावरून भविष्य सांगता येत नाही, म्हणून आकडे एकत्र करून स्कोअर काढतात. हजारो रुग्णांची सुरुवातीची माहिती घ्यायची, काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, कोणाला काय झालं ते नोंदवायचं आणि कोणत्या माहितीला किती वजन द्यायचं ते गणिताने ठरवायचं. मग हे मॉडेल दुसऱ्याच रुग्णांवर चालवून बघायचं. मशीन लर्निंग शिकलेल्यांना हे ट्रेनिंग आणि टेस्टिंग ओळखीचं वाटेल.

एक चांगलं उदाहरण म्हणजे २०१७ चा एबीसी-सीएचडी स्कोअर. ए म्हणजे वय, बी म्हणजे बायोमार्कर (एनटी-प्रो-बीएनपी, ट्रोपोनिन टी आणि एलडीएल), सी म्हणजे क्लिनिकल माहिती (धूम्रपान, डायबेटीस, हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार). स्थिर हृदयरुग्णांत हृदयविकाराने मृत्यूचा धोका किती, हे तो सांगतो. १३,१६४ रुग्णांवर तो बनवला आणि जर्मनीतल्या वेगळ्या १,५४७ रुग्णांवर तपासला. त्याचा सी-इंडेक्स आधी ०.८१ आणि नंतर ०.७८ आला.

सी-इंडेक्स म्हणजे काय? दोन रुग्ण घ्या, एकाचा मृत्यू आधी झाला. मॉडेलने त्यालाच जास्त धोका दाखवला होता का? नाणं उडवलं तर १०० पैकी ५० वेळा बरोबर येईल, म्हणजे ०.५. इथे १०० पैकी साधारण ८० वेळा बरोबर आलं. चांगलं आहे, पण २० वेळा चुकलंच ना!

अटॅक किंवा स्ट्रोक पुन्हा येण्याचा दहा वर्षांचा धोका काढणारा स्मार्ट-२ नावाचा दुसरा स्कोअर आहे. तो नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट शहरातल्या रुग्णांवरून तयार झाला आणि त्यात एचएस-सीआरपी, कोलेस्टेरॉल, किडनीचं काम हे सगळं येतं. असे कॅल्क्युलेटर ऑनलाइन मिळतात. पण मॉडेल ज्या लोकांवर शिकलं, त्यांच्यासाठी ते सगळ्यात नीट चालतं. उट्रेक्टमधल्या माणसाचा धोका भिवंडीतल्या माणसाला तसाच लागू होईल, हे गृहीत धरू नका. स्कोअर डॉक्टरांसमोर चर्चेला घेऊन जा, घरी बसून निकाल लावू नका.

शंभर रुग्णांचं गणित

समजायला सोपं म्हणून एक कल्पित उदाहरण. १०० हृदयरुग्ण आहेत आणि त्यातल्या १० जणांना पुढच्या काही वर्षांत पुन्हा त्रास होणार आहे. एक चाचणी त्या १० पैकी ८ जणांना लाल दाखवते. उरलेल्या ९० पैकी १८ जणांनाही ती चुकून लाल दाखवते.

एकूण लाल किती? २६. त्यात खरे ८. म्हणजे लाल आलेल्या दर तिघांपैकी साधारण दोघांना काहीच होणार नाही. आणि हिरव्या आलेल्या ७४ जणांतही दोघांना त्रास होणारच.

मग चाचणीचा उपयोग काय? लाल गटाचा धोका १० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेला, हिरव्याचा ३ टक्क्यांच्या आत आला. कोणाला लवकर बोलवायचं, कोणाचं औषध वाढवायचं, कोणाची इको करायची हे ठरवायला एवढं खूप आहे. पण ‘लाल म्हणजे गेलो’ आणि ‘हिरवं म्हणजे सुटलो’ हे दोन्ही अर्थ चुकीचे.

आकडा फसवतो कसा?

* युनिट. ट्रोपोनिन कुठे नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, कुठे प्रति मिलिलिटरमध्ये. १४ आणि ०.०१४ हे एकच मोजमाप असू शकतं. आकड्याआधी युनिट वाचा.
* चाचणीचा प्रकार. ट्रोपोनिन आय आणि ट्रोपोनिन टी वेगळे. एका कंपनीच्या मशिनचा आकडा दुसरीच्या मशिनशी जोडू नका. शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा.
* मोजलेलं की काढलेलं? एलडीएल बऱ्याचदा थेट मोजत नाहीत. १९७२ च्या फ्रीडवॉल्ड सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. काकांचं १६८ वजा ३८ वजा ३२, उरले ९८. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र भरवशाचं नाही.
* ताप, दात, जखम. पावसाळ्यातल्या तापात किंवा दात सुजल्यावर सीआरपी वाढतंच. १० च्या वर गेलं तर आधी संसर्ग शोधतात, आणि बरं झाल्यावर दोनेक आठवड्यांनी चाचणी पुन्हा करतात.
* केसांच्या गोळ्या. बायोटिनचा मोठा डोस काही चाचण्यांत ट्रोपोनिन खोटं कमी दाखवू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. अशी गोळी चालू असेल तर आधी सांगा.

फोनवर काय करायचं?

१. एक साधी शीट बनवा. रकाने: तारीख, चाचणी, आकडा, युनिट, लॅब, त्या वेळी चालू असलेली औषधं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. गोळी चालू असतानाचा आकडा आणि बंद असतानाचा आकडा यांची तुलनाच होत नाही.

२. रेफरन्स रेंजच्या शेजारी ‘आपलं लक्ष्य’ असा रकाना घाला आणि तो डॉक्टरांना विचारून भरा. गूगलला विचारून नको.

३. मूळ पीडीएफ जपून ठेवा, फोटोचा फोटो नको. आभा खातं असेल तर रिपोर्ट तिथे जोडता येतात.

४. कोणत्याही अ‍ॅपवर किंवा एआय चॅटबॉटवर रिपोर्ट टाकण्याआधी नाव, मोबाइल नंबर आणि रुग्ण क्रमांक झाका. आणि त्याच्या सांगण्यावरून एकही गोळी कमी-जास्त करू नका.

५. फॅमिली ग्रुपवर ‘नॉर्मल’ हा शब्द लिहू नका. ‘डॉक्टरांना दाखवू, तोवर गोळ्या चालू ठेवा’ असं लिहा.

छातीत दुखत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा

छातीत दाब, घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही वाटलं तर घरी रक्त घ्यायला माणूस बोलवत बसू नका. अटॅकच्या पहिल्या काही तासांत ट्रोपोनिन वाढलेलं नसूही शकतं. म्हणूनच हॉस्पिटलमध्ये लगेच ईसीजी काढतात आणि ट्रोपोनिन थोड्या वेळाने पुन्हा तपासतात. १०८ लावा आणि जिथे ईसीजी आणि हृदयाचे उपचार आहेत तिथे पोहोचा. भिवंडीच्या ट्रॅफिकमधून ठाण्याला किंवा कल्याणला जायला किती वेळ लागतो हे आपल्याला माहीत आहे. कुठे जायचं ते आजच ठरवून ठेवा.

शेवटचा मुद्दा

२०११ मध्ये प्युअर नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने एक गोष्ट दाखवली. हृदयविकार किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्यांपैकी, भारतासह कमी उत्पन्नाच्या देशांत सुमारे ८० टक्के लोक त्यासाठीचं एकही सिद्ध झालेलं औषध घेत नव्हते. रक्तातला मार्कर कितीही अचूक असू दे, त्यानंतर गोळी पोटात गेली नाही तर त्या अंदाजाचा काही उपयोग नाही.

काकांनी गोळी पुन्हा सुरू केली, डॉक्टरांनी सोबत आणखी एक वाढवली. मागच्या महिन्यात एलडीएल ६१ आलं. रिपोर्टवर अर्थातच ते ‘नॉर्मल’ आहे. आमच्या शीटवर मात्र ते अजून पिवळ्या रंगात आहे, कारण आमचं लक्ष्य ५५ आहे.

तुमच्या घरात कोणाला स्टेंट बसला असेल तर आज त्यांचा शेवटचा रिपोर्ट उघडा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढंच विचारा: “हा आकडा आमच्यासाठी किती असायला हवा?”